ओलेटा छतावर आहे

आमच्या मेस्किट बेंड कॅम्पात कुणी आपल्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, छतावर चढलं की बाकीच्यांनी खुर्च्या घेऊन बाहेर यायचं, असा रिवाज आहे. कुणी ठरवून पाडलेला नाही. पण पत्र्याला शिडी टेकल्याचा टण्ण आवाज झाला की दारं उघडतात, घडीच्या खुर्च्या उलगडतात, हातांत कॉफीचे मग येतात आणि माणसं माना वर करून बसतात. वरचा माणूस घामाघूम होत असतो आणि खालचे सगळे इंजिनियर झालेले असतात.

त्या शुक्रवारी उजाडता उजाडता टण्ण झालं आणि डेल्बर्टची हाक आली, "ओलेटा छतावर आहे!"

मी दात घासत होते. तशीच बाहेर आले.

ओलेटा पर्व्हिस माझी शेजारीण. आमच्या रांगेतला शेवटचा ट्रेलर तिचा, त्याच्या अलीकडचा माझा. वय सत्तरीच्या पुढे. किती पुढे ते ती सांगत नाही. "केसांच्या रंगावरून ओळखा," म्हणते आणि रंग दर महिन्याला बदलते. त्या महिन्यात जांभळा होता. ओक्लाहोमात तिचं केस कापायचं दुकान होतं. अर्ध्या गावाची डोकी आणि सगळ्या गावाची गुपितं तिच्या हाताखालून गेली. नवरा फ्लॉइड निवृत्त झाल्यावर दोघांनी घर-दुकान विकून हा ट्रेलर घेतला, देश पालथा घातला आणि फिरत फिरत ॲरिझोनात, नदीकाठच्या आमच्या कॅम्पात येऊन टेकले. इथेच एका दुपारी फ्लॉइड जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. तेव्हापासून ट्रेलर हललेला नाही. चाकांभोवती ओलेटानं कोरफड लावली आहे.

फ्लॉइड होता तोवर दुरुस्तीचं खातं त्याचं. ओलेटाला पाना कुठला आणि पक्कड कुठली हेही ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात छतावरचा एसी गार हवा द्यायचा थांबला. मेकॅनिक म्हणाला, पुढच्या महिन्यात येतो. पुढच्या महिन्यापर्यंत आमच्याकडे माणसाचं वाळवण होतं. ओलेटानं डेल्बर्टची शिडी मागितली, वर गेली, एसीचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं आणि तिथूनच ओरडली, "अगं बाई, ह्याला केस आहेत! आणि जन्मात कुणी विंचरलेले नाहीत!"

केस म्हणजे एसीच्या मागच्या बाजूला पातळ पातळ पात्यांची जी दाट जाळी असते ती. गारांनी पाती वाकडी झालेली, त्यात धूळ आणि झाडांचा कापूस बसलेला. वारा जाणार कुठून? ओलेटानं दुकानातला बारीक दातांचा कंगवा नेला आणि रांग रांग सरळ केली. तेव्हापासून कॅम्पातल्या बहुतेक एसींची विंचरणी तिच्याकडेच असते. एसीला ती फ्लॉइड म्हणते. आधी मला वाटलं प्रेमानं. मग कळलं, दोघंही नुसतेच गुणगुणतात आणि वेळेला उठत नाहीत, म्हणून.

आता आमच्या हवेबद्दल एवढं सांगायला हवं की इथे ती तापाच्या थर्मामीटरवरच्या आकड्यांत मोजतात. बत्तिसाला पाणी गोठतं. माणसाला एकशे दोन झाला की दवाखान्यात नेतात. हवेला एकशे दोन असला की लोक म्हणतात, आज बरं आहे, चादरी धुऊन घेऊ. जुलैत पारा एकशे बाराच्या वर जातो. थंडीपुरते आलेले पाहुणे वसंत लागताच उत्तरेला पळतात. खाली उरतो तो आमच्यासारखा चिवट गाळ.

हा गाळ ओलेटाच्या मुलीच्या डोळ्यांत खुपायचा. मार्ला तिचं नाव. दूर मिनेसोटात मोठ्या इस्पितळात नर्सांची मुख्य आहे, आणि मुख्य असल्याचं घरीही विसरत नाही. तिच्या घराच्या तळघरात आईसाठी खोली तयार होती. गालिचा होता, टीव्ही होता, पकडायला भिंतीला दांड्या होत्या. "दांड्या!" ओलेटा म्हणायची. "मी काय पोपट आहे?" दर रविवारी फोनवर हेच. शेवटी मार्चमध्ये एकदा मार्ला म्हणाली, "त्या पत्र्याच्या डब्यात भाजून निघशील आणि शेजाऱ्यांना वासावरून कळेल." ओलेटाचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "ये की मग जुलैत. भर दुपारी ये. माझ्या घरात ऐंशीच्या वर आकडा दिसला तर तुझ्याबरोबर विमानात बसते, तोंडातून शब्द काढत नाही."

"शब्द देतेस?"

"दिला."

मार्लानं फोन न ठेवताच तिकीट काढलं. जुलैतला शनिवार.

ओलेटानं दिलेला शब्द मोडल्याचं आमच्यात कुणाला आठवत नाही. बाईनं एकदा पैज हरून कॅम्पच्या सार्वजनिक न्हाणीघरात उभं राहून सगळ्यांना राष्ट्रगीत म्हणून दाखवलं होतं. म्हणूनच गुरुवारी दुपारी फ्लॉइड हुंम् हुंम् करून टक् झाला आणि उठला नाही, तेव्हा आमचं सगळ्यांचंच धाबं दणाणलं.

तर शुक्रवारी पहाटे ती छतावर होती. पहाटेच चढावं लागतं. नंतर छतावर अंडं टाकलं तर आमलेट होतं. खांबावरचा खटका पाडून तिनं ट्रेलरची जाड वायरच उपटून ठेवली होती. छताला पोचा पडू नये म्हणून गुडघ्यांखाली फळी, फळीवर दुकानातली जुनी उशी. कमरेला केस कापायच्या वेळचा एप्रन. त्याच्या खिशांत पाने, पेचकस, ब्रश आणि कंगवा.

खाली खुर्च्या मांडल्या गेल्या. डेल्बर्ट मधोमध बसला. जन्मभर शाळेची बस चालवली त्यानं. समोर पाठ केलेलं कुणीही दिसलं की त्याला ओरडावंसंच वाटतं. कॅम्पातला सगळ्यात लांब ट्रेलर त्याचा, दोन-दोन एसीवाला. पायाशी त्याची म्हातारी बुलडॉग कुत्री, ग्रेव्ही. तिच्यासाठीच दुसरा एसी आहे, असं तो उघड सांगतो.

"पंखा अडकला असेल," तो ओरडला.

"पंखा हातानं फिरतोय," वरून उत्तर आलं.

"मग गॅस गेला असेल."

"तुझा गेला असेल. सकाळी सकाळी शेंगा खाल्ल्यास ना?"

लुपेला हसता हसता ठसका लागला. लुपे आरियागा, शाळेच्या भटारखान्यात हयात गेलेली बाई. दोनशे पोरांना एका दमात गप्प बसवणारा आवाज आणि कढया उचलून उचलून पहिलवानासारखे दंड. ती तमाल्यांचं टोपलं घेऊनच आली होती. मक्याच्या पिठाचे ते गरम गरम मोदकच म्हणायचे, फक्त लांबोडके, आणि कणसाच्या सालीत उकडलेले.

"मिस ओलेटा, खाऊन घ्या आधी," लुपे म्हणाली. "उपाशीपोटी विजेत हात घालू नये."

"भरल्यापोटी घालते तेव्हा कुठे चांगलं होतं?"

तिनं बाजूचा पत्र्याचा डबा उघडला. आत हाताच्या पंज्याएवढं नळकांडं असतं, कपॅसिटर. कॉम्प्रेसरला उठताना जो धक्का लागतो तो हेच देतं. धडधाकट कपॅसिटरचा माथा सपाट असतो. ह्याचा पुरीसारखा फुगला होता.

"सापडलं!" ओलेटानं आरोळी दिली. "डोक्यात वारं गेलंय याच्या!"

"हात लावू नकोस!" आता डेल्बर्ट उभाच राहिला. "वायर काढली तरी त्यात वीज राहते. माझ्या मेव्हण्याची भुवई गेली होती."

"ठाऊक आहे रे बाबा. तुझ्या मेव्हण्याची भुवई मीच पेन्सिलीनं काढून देते."

रबरी हातमोजे घालून, मूठ प्लॅस्टिकची असलेला पेचकस तिनं दोन्ही टोकांना टेकवला. चट्ट आवाज आला. डेल्बर्टनं टोपी काढली. नंतर प्रत्येक वायर उपटायच्या आधी तिनं तिला वेगळ्या रंगाची केसांची क्लिप लावली, म्हणजे लावताना चूक नको. लाल क्लिप, निळी क्लिप, फुलपाखराची क्लिप. नवा कपॅसिटर घरात होताच. आमच्याकडे कुणाच्या घरी साखर नसेल, पण जादा कपॅसिटर असतो. त्यावरचा आकडा जुन्याच्या आकड्याशी तिनं चष्मा चढवून, उतरवून, पुन्हा चढवून जुळवला आणि क्लिपा बघून वायरी खोचल्या.

वर गेलीच आहे तर विंचरणीही झाली. आधी ब्रशनं धूळ, मग वरून खाली, एकाच दिशेनं कंगवा. पाणी जायची भोकं सळईनं मोकळी केली. तोंडानं एकीकडे चालूच होतं, "मान खाली. हं. मुलीकडे चाललात का? कोंडा फार झालाय हो तुम्हाला." दुकानातली जुनी सवय. आम्ही खाली हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होतो. ज्याचं घर जायची पाळी आली आहे ते माणूस वरून आपल्यालाच हसवतंय, हे त्या वेळी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग आतलं काम. छताला आतून जी जाळी असते ती काढून तिनं फिल्टर धुतला. जाळीच्या वर दोन कप्पे असतात. एकातून गार हवा खाली येते, दुसऱ्यातून घरातली गरम हवा वर जाते. मधल्या पडद्याला फट पडली की गार हवा खाली न येता आतल्या आतच परत वर जाते आणि आपण खाली उकडत बसतो. ओलेटानं चंदेरी चिकटपट्टीनं फट बुजवली. "सासू-सुनेच्या मध्ये भिंत लागतेच," ती म्हणाली. मी खालून पट्टी पुरवत होते. एसी छताला धरून ठेवणारे चार लांब बोल्टही तिनं पाहून घेतले. डेल्बर्ट दारात आला आणि म्हणाला, "आवळ, अजून आवळ."

"बस पुरे. खालची रबराची गादी निम्मी दबली की थांबायचं. फार आवळलं तर ती चिरडते आणि पाऊस आत. वेणी घट्ट घातली की बाईचं डोकं दुखतं, ऐकलं नाहीस का कधी?"

"माझ्या बायकोचं सैल वेणीनंही दुखायचं."

"ते वेणीनं नाही, डेल्बर्ट."

वायर लावली, खटका वर केला. हुंम्... आणि फ्लॉइड उठला. असा उठला की छत थरथरलं. जाळीखाली आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं तोंडं धरली. लुपेनं ओलेटाला कडेवर घेतल्यासारखं उचललं. दुपारी बाहेर कावळे चोच वासून बसले होते आणि ओलेटाच्या घरात काटा पंचाहत्तरवर होता. ती अंगावर झगा घेऊन मिरवत होती.

इथवर सगळं छान. यापुढचं आमच्या चांगुलपणामुळे झालं.

आनंदाच्या भरात लुपेनं जाहीर केलं की शनिवारी दुपारी मार्लासाठी पंगत करायची. घरटी एक पदार्थ, ओलेटाच्या दारापुढच्या मांडवाखाली. आमच्याकडे कुणी जन्मलं, मेलं, आलं, गेलं की हेच करतात. कुणी काय आणायचं ते तिथल्या तिथे वाटून झालं. मुलगी आली की गरमागरम पानावर पडलं पाहिजे, अशी लुपेची आज्ञा.

शनिवारी जेवणवेळ टळून गेल्यावर मी ओलेटाकडे टेबलक्लॉथ द्यायला गेले. ती पलंगाच्या कडेला ताठ बसली होती. जांभळे केस फुगवून बांधलेले, ओठांना लाली, आणि चेहरा उतरलेला. वर फ्लॉइड हुंम् हुंम् करत होता. टक्. ओलेटानं हात लांब करून एसी बंद केला.

"काय गं, पुन्हा बिघडला?"

"तो ठणठणीत आहे," ती म्हणाली. "तिकडे बघ."

ओट्याजवळच्या प्लगात एक छोटं यंत्र खोचलेलं असतं, आमच्या सगळ्यांच्याच घरी. व्होल्टेज दाखवतं. एकशे वीस असावं तिथे एकशे तीन होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीज म्हणजे नळाचं पाणीच. रांगेतल्या सगळ्यांनी एकदम तोट्या सोडल्या की शेवटच्या घरात करंगळीएवढी धार. उन्हाळ्यात दुपारी सगळे एसी चालू असले तरी कसंबसं निभतं. पण आज एसीवर भर म्हणून लुपेची विजेची मोठी भट्टी, डेल्बर्टच्या डुकराच्या मांसाचं भांडं, कुणाचे सोयाबीन, कुणाचा मक्याचा ब्रेड, कुणाचे पीच. आणि माझ्या ओव्हनमध्ये कोंबडी! मार्लाच्या स्वागताला सगळी रांग शिजत होती आणि त्यात ओलेटा शिजणार होती.

"चालू ठेवून बघ ना तसाच," मी म्हणाले.

"कमी व्होल्टेजवर दामटलं तर कॉम्प्रेसर जळतो. मग कायमचाच गेला." भिंतीवरचा काटा ब्याऐंशीवर होता. "मार्लाचा फोन येऊन गेला. गावातल्या पेट्रोल पंपावर पोचलीय."

"मग मी सांगते सगळ्यांना..."

"नाही सांगायचं!" ओलेटानं माझं मनगटच धरलं. "माझ्या मुलीसाठी रांधतायत माणसं. त्यांना काय सांगू, चुली विझवा म्हणून? दिलेला शब्द माझा आहे. त्यांचा नाही." मग म्हणाली, "त्या दांड्यांवर मी कपडे वाळत घालीन, बघच."

ती हसली, पण तिचा आवाज फाटला होता. मी टेबलक्लॉथ तिच्या मांडीवर टाकला, "बरं, नाही सांगत," म्हणाले आणि तडक लुपेकडे गेले.

लुपेनं अर्धंच ऐकलं. भिंतीवरची कढई उतरवली, पळी घेतली आणि रांगेतून बडवत निघाली. "एसी बंद! ओव्हन बंद! सगळं बंद! खटका पाडा! ए, तुला वेगळं सांगू का? पाड खटका!" निवृत्त माणसं शाळेतल्या पोरांसारखी दारांत येऊन उभी राहिली.

"माझा ब्रेड फुगत आलाय!" कुणीतरी म्हणालं.

"बसेल. तूही बस. बाहेर."

डेल्बर्टनं मात्र दार अडवलं. "मी एक बंद करतो. दुसरा ग्रेव्हीचा आहे. तिला उष्मा सोसत नाही, श्वास घ्यायला नाकच नाही तिला."

"ग्रेव्हीला ओलेटाकडे नेऊन ठेव."

"आणि मी?"

"तुला आहे ना नाक?"

डेल्बर्टनं दोन्ही खटके पाडले. एकेक एसी थांबत गेला तशी रांगेतली घरघर विरत गेली. मी इथे राहायला आल्यापासून जुलैत भर दुपारी इतकी शांतता ऐकली नव्हती. कुठेतरी पारवा घुमत होता तोही ऐकू आला.

ओलेटा दारात आली. आम्हाला सगळ्यांना बघितलं, मला एक जळजळीत कटाक्ष दिला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मग यंत्राकडे बघून ओरडली, "एकशे अठरा!"

"लाव मग!" आम्ही सगळे ओरडलो.

"थांबा. त्याला जरा दम खाऊ दे. बंद केल्याकेल्या लावला तर पुन्हा अडकतो."

रस्त्याच्या वळणावर धूळ दिसायला लागली होती आणि ही बाई फ्लॉइडला दम खाऊ देत होती. शेवटी तिनं बटण फिरवलं. हुंम्... आणि धडाडून उठला.

आता आत कुणी शिरायचं नाही, असं ठरलं. एक माणूस म्हणजे एक चालती शेगडी. फक्त ग्रेव्ही आत गेली आणि जाळीखाली पाय पसरून पडली. बाकी आम्ही मांडवाच्या टीचभर सावलीत खुर्च्या टाकल्या, कपडे धुवायच्या टबांत पाणी ओतलं आणि टबामागे दोघं-तिघं पाय बुडवून बसलो. डेल्बर्टनं डोक्यावर ओला टॉवेल घेतला. समोर टेबलावर कच्चे सोयाबीन, बसका ब्रेड आणि माझी गोरीपान कोंबडी.

भाड्याच्या गाडीतून मार्ला उतरली. उंच, हाडापेरानं ओलेटासारखीच, पण केस एका रंगाचे. आईला मिठी मारली, आम्हाला मान लववली आणि पर्समधून स्वतःचा थर्मामीटर काढला. टोकाला सळई असलेला, स्वयंपाकघरातला.

"भिंतीवर आहे की एक," ओलेटा म्हणाली.

"तो तुझा आहे," मार्ला म्हणाली.

ती आत गेली. आम्ही सगळे दाराकडे वळून, टबांतच पाय ठेवून, माना लांब करून. आतून पिप् असा आवाज आला.

"एकोणऐंशी," मार्ला म्हणाली. तिच्या आवाजातली निराशा लपली नाही.

बाहेर असा जल्लोष झाला की एक टब उपडा झाला. डेल्बर्टनं लुपेला मिठी मारायचा प्रयत्न केला आणि तिनं त्याला परत खुर्चीत बसवलं.

मार्ला दारात आली. तिची नजर आमच्यावरून फिरली. ओले टॉवेल, लालबुंद चेहरे, टबांतले पाय. मग रांगेतल्या छतांवरून फिरली. एकही एसी फिरत नव्हता. मुख्य नर्स उगीच होत नाही कुणी.

"ही सगळी माणसं उन्हात का बसली आहेत?"

"पद्धत आहे आमची," लुपे म्हणाली.

"शनिवारची," मी म्हणाले.

"खोटं आहे," ओलेटा म्हणाली. तिला राहवलंच नाही. "व्होल्टेज पुरत नव्हतं. माझा एसी चालावा म्हणून ह्यांनी आपापले बंद केलेत."

मार्लानं पर्स दारातच ठेवली. मग पायऱ्या उतरून डेल्बर्टकडे गेली आणि त्याचं मनगट हातात घेतलं. तिचा चेहरा बदलला.

"वेड लागलंय का तुम्हाला सगळ्यांना? या वयात? एकशे तेरा डिग्रीत? उठा! सगळे आत! आत्ताच्या आत्ता! तुम्ही, टॉवेलवाले, तुम्ही आधी!"

"पण आत गर्दी झाली तर आकडा..." डेल्बर्ट म्हणाला.

"आत म्हटलं ना!"

लुपेला कढईशिवाय हे जमलं नसतं. आम्ही सगळे त्या एवढ्याशा ट्रेलरमध्ये कोंबले गेलो. पलंगावर पाच, बाकावर चार, एक जण न्हाणीघरात उभा, दोघी ओट्याला टेकून. मार्ला खाली ग्रेव्हीशेजारी बसून एकेकाची नाडी बघत होती. ओलेटा बर्फात बुडवलेले टॉवेल पिळून मानांवर टाकत होती आणि तिला वरून सांगत होती, "डेल्बर्टला रक्तदाबाची गोळी आहे, सकाळी विसरतो, विचार त्याला. लुपेला साखर आहे, चहा बिनसाखरेचा दे. न्हाणीघरात आहेत त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, डाव्या बाजूनं ओरड."

"आई, हे सगळं तुला कसं ठाऊक?"

"डोकी माझ्याकडे असतात ना सगळ्यांची."

"नाडी ठीक आहे," डेल्बर्टचं मनगट सोडत मार्ला म्हणाली. "एसी कुणी दुरुस्त केला?"

"हिनं!" आम्ही सगळे एकदम बोललो आणि मग शुक्रवारची सगळी हकीकत एकमेकांच्या तोंडातून काढून घेत सांगितली. पुरी, भुवई, फुलपाखराची क्लिप. डेल्बर्टनं वेणीचंही सांगितलं, स्वतःच्या बायकोचा भाग गाळून. तो लुपेनं भरून काढला. मार्लाच्या ओठांचे कोपरे आधी थरथरले, मग तिनं तोंडावर हात धरला आणि मग तिला इतकं हसू आलं की ती ग्रेव्हीच्या अंगावर रेलली. हसणं थेट आईचं. जन्मभर दाबून ठेवलेलं.

तेवढ्यात तिनं मघाशी आतच टेबलावर ठेवलेल्या थर्मामीटरनं पिप् केलं.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. सत्त्याऐंशी. फ्लॉइड वर जीव तोडून धडधडत होता, पण खाली इतक्या शेगड्या पेटलेल्या; तो तरी काय करणार?

न्हाणीघरातून कुणीतरी विचारलं, "किती झालं?" ओट्याजवळच्या एकीनं दार लोटून घेतलं.

ओलेटानं हातातला टॉवेल पिळला, घडी घातली आणि ओट्यावर ठेवला. पाठ ताठ केली.

"ऐंशीच्या वर आहे," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. बॅग पलंगाखाली आहे. पलंगावरच्यांनी जरा पाय उचला."

पलंगावरच्या कुणीही पाय उचलले नाहीत. लुपेनं तर उलट टाचा घट्ट रोवल्या.

मार्ला उठली. तिनं थर्मामीटर उचलला, डोळ्यांजवळ धरून आकडा नीट वाचला. मग आमच्याकडे बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे. मग ओट्यावर गार चहाचं मोठं भांडं होतं, बर्फानं गच्च भरलेलं, त्यात तिनं सळई बुडवली आणि शांतपणे ढवळत उभी राहिली.

पिप्.

"एकेचाळीस," मार्लानं मोठ्यानं वाचलं. "बर्फ पडायचं बाकी आहे. आई, अंगावर काहीतरी घे गं, गारठशील."